दाराआडची पायरी

उंच गाडीत चढताना पायरीचा विचार तरुणपणी सहसा कोणी करीत नाही. एक हात दाराच्या कडेवर, दुसरा स्टिअरिंगवर, एक झोका, आणि माणूस आसनावर बसलेला असतो. गुडघे कुरकुरू लागले म्हणजे मात्र त्या एका झोक्याचे चार तुकडे होतात. आधी पाय उचलायचा, मग तो नीट टेकला की नाही याचा अंदाज घ्यायचा, मग शरीराचा भार त्यावर सोपवायचा, आणि हे सारे होईपर्यंत हातांनी गाडीला धरून राहायचे. उतरणे तर त्याहून कठीण, कारण उतरताना जमीन दिसत नाही.

अमेरिकेत जुने ट्रक जपणाऱ्या अनेकांवर आता ही वेळ आली आहे. तेथे ‘ट्रक’ हा शब्द केवळ मोठ्या मालमोटारीसाठी वापरीत नाहीत. पुढे दोन-तीन माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा अशी जी गाडी आपल्याकडे पिकअप म्हणून ओळखली जाते, तीही तेथे ट्रकच. शेतावर गवताचे गठ्ठे वाहायचे, गावातून खत आणायचे आणि रविवारी त्याच गाडीतून चर्चला जायचे, अशी या ट्रकची दिनचर्या. त्यामुळे तो घरातल्या जुन्या बैलासारखा होऊन बसतो. काम सरले तरी त्याला दावणीवरून हलवणे जिवावर येते.

फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या ‘मॉडेल टी’ गाडीला मागे हौदा जोडून ती कारखान्यातूनच तयार करून विकायला सुरुवात केली. त्या काळच्या गाड्यांना पुढच्या मडगार्डपासून मागच्या मडगार्डपर्यंत एक रुंद फळी असे. तिला आपण फूटबोर्ड म्हणू. तिच्यावर पाय देऊन चढायचे, हा तिचा मुख्य उपयोग. पण माणसाने तिला इतरही पुष्कळ कामे लावली. हत्यारांची पेटी तिच्यावर, जादा पेट्रोलचा डबा तिच्यावर. १९३० नंतरच्या दुष्काळात आणि मंदीत ओक्लाहोमासारख्या राज्यांतून हजारो कुटुंबे कॅलिफोर्नियाकडे निघाली, तेव्हा त्यांच्या संसाराचा काही भाग या फूटबोर्डांवर दोरीने बांधलेला होता.

पुढे गाड्यांची अंगे रुंद होत गेली आणि ही फळी त्यांच्या पोटात जिरून गेली. ट्रकमध्ये ती मोटारींपेक्षा अधिक काळ टिकली. १९५५ साली शेवरोलेने आपल्या नव्या ट्रकमध्ये पायरी दाराच्या आत घेतली. दार लावले की ती झाकली जाई आणि तिच्यावर चिखल किंवा बर्फ साचत नसे. कंपनीने आपल्या जाहिरातींत या दडवलेल्या पायरीचे कौतुकही केले. १९५७ साली फोर्डच्या ट्रकची बाहेरची पायरीही गेली. गाडीची बाजू आता एकसंध, सपाट आणि देखणी झाली. चढणाऱ्याने आपले पाहून घ्यावे, असा तो मामला होता.

त्यात चारही चाकांना जोर देणारे ट्रक आले. त्यांच्या पोटाखाली जादा यंत्रसामग्री, म्हणून त्यांची बैठक आणखी उंच. १९६७ ते १९७७ या काळातल्या फोर्डच्या एफ-२५० जातीच्या अशा ट्रकला त्याच्या उंचीमुळे लोकांनी ‘हायबॉय’ असे टोपणनावच ठेवले. नांगरलेल्या शेतातून, ओढ्यातून, गुडघाभर बर्फातून जाणाऱ्या या गाडीला उंची हवीच होती. १९७५ साली ज्या पंचवीस वर्षांच्या शेतकऱ्याने ती घेतली, त्याला त्या उंचीचे भूषणच वाटले असेल. तो शेतकरी आज पंचाहत्तरीत आहे. गाडीची उंची मात्र तेवढीच राहिली आहे.

असा एक मालक डोळ्यांसमोर आणावा. कॅन्सस किंवा नेब्रास्कातले सपाट रान, धान्याच्या कोठारामागे पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये त्याने स्वतः रंगवलेला, स्वतः इंजिन उघडून पुन्हा जोडलेला हायबॉय. तो अजून कसाबसा चढतो. त्याच्या पत्नीने मात्र दोन वर्षांपासून त्यात बसणे सोडले आहे. तसे तिने कधी बोलून दाखवलेले नाही. “तुम्ही जाऊन या, मला घरी काम आहे,” एवढेच ती म्हणते. मालक काही दिवस हौद्यात एक लाकडी खोके ठेवून पाहतो. खोके खाली मांडायचे, तिला चढवायचे, खोके उचलून मागे टाकायचे, वळसा घालून आपल्या दाराशी यायचे. बाजारात चार ओळखीच्या माणसांदेखत हा सोहळा दोनदा करावा लागला की तिसऱ्या वेळी घरचे काम निघते. शिवाय खोके रस्त्यातच विसरून गाडी पुढे जाते, ते वेगळेच.

कायमच्या पायऱ्या, म्हणजे दाराखाली बसवायच्या जाडजूड नळ्या, बाजारात पुष्कळ मिळतात. त्या स्वस्त आणि मजबूत असतात. पण त्या खाली लोंबतात, दगडाला अडकतात आणि ज्या उंचीसाठी ही गाडी जन्मली तीच हिरावून घेतात. दिसायलाही त्या परक्या वाटतात. म्हणून मालकाची नजर शेवटी विजेवर चालणाऱ्या, आत-बाहेर होणाऱ्या पायरीवर जाते. दार उघडले की ती खाली उतरून बाहेर येते. दार लावले की काही क्षणांत गाडीच्या पोटाखाली जाऊन बसते. कल्पना तशी जुनीच आहे. घोड्यांच्या बग्ग्यांना घडीच्या पायऱ्या असत आणि त्या उलगडायला मागे उभा असलेला नोकर उतरत असे. आता नोकराच्या जागी एक लहानशी मोटार आली, इतकेच.

अडचण अशी की हे जोडसंच नव्या ट्रकसाठी बनवलेले असतात. जुन्यावर ते बसवणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा उसवून आपल्या मापाने शिवणे. पहिला प्रश्न, टांगायचे कशाला? नव्या गाडीत ब्रॅकेट बहुधा दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या कडेला बसते. पन्नास वर्षे जुन्या गाडीत त्या कडेवर विश्वास ठेवता येत नाही. बर्फाळ राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते पाण्याबरोबर त्या पोकळीत शिरते आणि वर्षानुवर्षे आतून खात राहते. वरून रंग तकतकीत आणि आत पत्रा पापडासारखा, असा प्रकार नेहमी आढळतो. म्हणून भार चासीवर, म्हणजे गाडीच्या मूळ पोलादी सांगाड्यावरच घ्यावा लागतो.

पण चासी दारापासून बरीच आत असते. तरफेचा नियम शाळेत सर्वांनीच शिकलेला असतो: टेकूपासून जितके दूर वजन, तितका त्याचा जोर अधिक. बाहेर आलेल्या पायरीवर ऐंशी-नव्वद किलोचा माणूस उभा राहिला की तो भार ब्रॅकेटला मुळापासून पिळू पाहतो. चांगल्या जोडसंचाची क्षमता एका बाजूला सुमारे २७० किलो असते. मात्र ब्रॅकेट वाकले तर त्या आकड्याला अर्थ राहत नाही. म्हणून नुसती आडवी पट्टी न लावता खालून तिरकस आधार देऊन त्रिकोण करतात. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापायचा, गाडीखाली पाठीवर पडून तो लावून पाहायचा, धुरांड्याची तापणारी नळी किती दूर आहे ते मोजायचे, पुढचे चाक पूर्ण वळवून पाहायचे आणि मगच पोलाद कापायचे. केबिन रबरी ठोकळ्यांवर बसवलेली असते आणि खाचखळग्यांत चासीपेक्षा थोडी निराळी हलते. त्यामुळे पायरी आणि केबिन यांच्यात बोटभर अंतर सोडावे लागते. घाईघाईने काम करणारे हे अंतर विसरतात आणि पुढे प्रत्येक खड्ड्यात किरकिर ऐकत बसतात.

जाणता मालक चासीला नवे भोक पाडीत नाही. कारखान्याने पाडलेली भोके तो शोधतो, त्यांतून बोल्ट घालतो आणि जेथे भोक नाही तेथे पकड आवळतो. जुन्या वास्तू आणि जुनी चित्रे जपणाऱ्यांचा एक दंडक आहे: केलेला बदल मूळ वस्तूला इजा न होता पुन्हा काढून टाकता आला पाहिजे. शेडमध्ये काम करणाऱ्या शेतकऱ्याने हा दंडक पुस्तकात वाचलेला नसतो. आपल्यानंतर ही गाडी दुसऱ्या कोणाच्या तरी हाती जाणार, एवढे मात्र त्याला ठाऊक असते.

यानंतर विजेचे काम. हे अधिक नाजूक आणि खरे तर अधिक गमतीचे. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीत संगणकाशी जोडणारा एक ठरावीक सॉकेट असतो. त्यातून दार उघडल्याची खबर अनेक नव्या ट्रकमध्ये पायरीला मिळते. हायबॉयला असा मेंदू नाही. दार उघडल्याचे त्याला एकाच गोष्टीवरून कळते, ती म्हणजे छतावरचा दिवा. तेव्हा त्या दिव्याची वायर पायरीच्या नियंत्रकाला जोडावी, हे पहिल्यांदा सुचते. येथे तीन फसगती आहेत. जुन्या फोर्डमध्ये दाराचे बटण दिव्याला बॅटरीची वीज पुरवते, तर जुन्या शेवरोलेत ते दिव्याचे अर्थिंग पूर्ण करते. एकाची जोडणी दुसऱ्याला लावली की काहीच चालत नाही. दुसरे असे की दोन्ही दारांची बटणे एकाच दिव्याला जोडलेली असतात. डावे दार उघडले तरी उजवी पायरी उतरते आणि तिकडे कोणी उभे असेल तर त्याच्या नडगीवर आपटते.

तिसरी फसगत सर्वांत विलक्षण. या जुन्या गाड्यांत पुढच्या दिव्यांची मूठ फिरवली की छतावरचा दिवाही लागतो. रात्री महामार्गावर नकाशा पाहण्यासाठी कोणी ती मूठ फिरवावी आणि भरधाव गाडीच्या दोन्ही अंगांनी पायऱ्या पंखांसारख्या बाहेर याव्यात! म्हणून शहाणे लोक दिव्याच्या वायरीचा नाद सोडून प्रत्येक दाराला स्वतंत्र चुंबकी स्विच लावतात. चुंबक दारावर, स्विच चौकटीवर. दोघे दुरावले म्हणजे दार उघडले.

विजेचा प्रवाह थेट बॅटरीवरून, बॅटरीजवळच फ्यूज घालून घ्यावा लागतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या वायरिंगवर हा भार टाकणे धोक्याचे. त्याहून जुनी गाडी असेल तर आणखी पंचाईत, कारण फोर्डच्या ट्रकमध्ये १९५५ पर्यंत सहा व्होल्टची वीज होती आणि तीही अर्थिंगला धन टोक जोडलेली. तेथे आधी सगळी वीजव्यवस्थाच बदलावी लागते. हायबॉयमध्ये बारा व्होल्ट आहेत, हे मालकाचे नशीब. तरीही अर्थिंगसाठी चासीवरचा रंग खरवडून चकचकीत लोखंड उघडे करावे लागते, कारण गंजावर घट्ट बसवलेला बोल्ट विजेच्या दृष्टीने सैलच असतो. नियंत्रक मोटारीतल्या प्रवाहावर लक्ष ठेवतो. परतताना पायरीला काही अडले तर प्रवाह वाढतो आणि तो मोटार थांबवतो. लहान मुलाचे पाऊल मध्ये आले तर हीच गोष्ट त्याला वाचवते. म्हणून हा भाग लाकडाचा तुकडा मध्ये धरून तपासल्याशिवाय काम संपले असे मानू नये.

आता दार उघडते. खालून हलका घूं असा आवाज येतो, दोन बाह्या खाली झुकतात आणि रबरी खाचांची एक फळी पुढे येऊन थांबते. मालकाची पत्नी तिच्याकडे पाहते, एका पायाने दाबून पाहते, मग दुसरा पाय उचलते. ती आत बसून दार लावते आणि फळी नाहीशी होते.

मदत हवीच असेल तर ती लपवायची कशाला, असे कोणी विचारील. लाकडी खोके अधिक प्रामाणिक नव्हते का? या आक्षेपात तथ्य आहे. गाडीचे रूप बिघडू नये या आग्रहात आपले वय दिसू नये ही इच्छाही थोडी मिसळलेली असते. पण खोक्यात आणि या पायरीत एक फरक आहे. खोके एकाच व्यक्तीसाठी मांडले जाई आणि ती व्यक्ती कोण, हे बघणाऱ्याला कळत असे. ही पायरी दार उघडणाऱ्या प्रत्येकासाठी येते. उडी मारून चढणाऱ्या नातवासाठीही ती तितक्याच तत्परतेने बाहेर येते आणि त्याने तिच्यावर पाय दिला नाही तरी तिला त्याचे काही वाटत नाही. कोणाला गरज आहे, हे ती विचारीत नाही. आजीबाईंचे घरचे काम कमी होण्याचे कारण बहुधा हेच असावे.

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनांत मूळ स्वरूपाला गुण असतात. रांगेत उभा असलेला हायबॉय बाहेरून जसाच्या तसा दिसतो. परीक्षक समाधानाने मान हलवतो, टिपणवहीत काही लिहितो आणि आतली बैठक पाहण्यासाठी दार उघडतो. पायरी त्याच्याही पायाशी येऊन थांबते. गुण जातात. मालक हातमोजेच्या कप्प्यातून घडी घातलेला कागद काढून दाखवतो: कोणती वायर कोठे जाते, कोणता बोल्ट मूळचा कोठला, आणि काढून ठेवलेल्या मूळ रबरी बुचांचा डबा शेडच्या कोणत्या फळीवर आहे. परीक्षक कागद वाचतो, परत देतो, आणि दुसऱ्या बाजूचे दार उघडून तिकडची पायरीही पाहतो.