पंखा कोणाच्या हुकमानें फिरतो?

समुद्रकांठीं घर असण्याचें सुख सर्वांस ठाऊक असतें. त्या सुखाची पट्टी घरांतील लोखंड-तांब्यास भरावी लागते, हें मात्र तेथें राहणारासच कळतें. हरिहरेश्वराची प्रदक्षिणा करणाऱ्या वाचकांनीं लाटांनीं कोरलेले तेथील खडक पाहिलेच असतील. त्यांवरून येणारा खारा वारा आमच्या अंगणांत उभ्या असलेल्या मोटारीच्या तारांच्या सांध्यांतही शिरतो.

गेल्या वैशाखांत मातोश्रींच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं म्हसळें, माणगांव व ताम्हिणी घाट या मार्गानें पुण्यास जावयाचें ठरलें होतें. आदल्या सकाळीं किल्ली फिरवितांच रेडिएटरचा पंखा जोरानें फिरूं लागला. एंजिन रात्रभर बंद, ए.सी. बंद, तरी पंखा थांबेना. एका कारागिरानें पंख्याची तार काढून टाकण्याचा तोडगा सुचविला व वडील मंडळींस तो पटलाही. आम्हांस तो पटेना. सपाट रस्त्यावर वेगानें जातांना समोरचा वारा रेडिएटर निववितो. घाटांत गाडी हळू चालते, एंजिनावरील भार वाढतो, आणि खरी गरज तेथेंच असते. तार काढल्यानें आवाज गेला असता, पण भर घाटांत एंजिन तापून मातोश्रींस उन्हांत बसून राहण्याची पाळी आली असती.

पंखा हा हुकमाचा ताबेदार. चाकर अवेळीं धांवतो म्हणून त्यास बांधून ठेवण्यापूर्वीं, त्यास धाडलें कोणीं हें पाहावें. कधीं कधीं हुकूम रास्तच असतो. ए.सी. चालू असतां पंखा फिरावयाचाच. आणि तापलेली गाडी थांबविल्यावरही कित्येक मोटारींत तो कांहीं मिनिटें फिरतो. पण थंड एंजिन व बंद ए.सी. असतां तो फिरला, तर मात्र शोध घेणें अवश्य.

आमचा पुतण्या व आम्ही शोधास बसलों. किल्ली बंद करतांच पंखा थांबत होता. रिलेचे संपर्कबिंदु वितळून चिकटले असते, तर बहुधा किल्ली काढल्यावरही तो फिरत राहिला असता व बॅटरी रिकामी झाली असती. रिले काढून किल्ली फिरविली, पंखा स्वस्थ. तेव्हां तारेंत परस्पर जोड झालेला नव्हता. मग त्याच जातीचा हॉर्नचा रिले तेथें बसविला; पंखा पुन्हां धांवूं लागला. म्हणजे रिले निर्दोष, हुकूमच वरून येत होता.

हा हुकूम देतो मोटारीचा संगणक, आणि तो विश्वासतो कूलंटची उष्णता सांगणाऱ्या सेन्सरवर. पुतण्यानें तपासणीचें छोटें यंत्र जोडून आंकडा वाचला: उणें ४० अंश! वैशाखांत कोंकणामध्यें हा हिमालयाचा शिशिर कोठून आला? सेन्सरचा अवरोध थंडींत मोठा असतो व उष्णता वाढेल तसा घटतो. वाट अजिबात तुटली म्हणजे संगणकास तो अमर्याद मोठा दिसतो व यंत्रावर असा अशक्य आंकडा उमटतो. अशा वेळीं एंजिन तापलें असल्यास घात नको, म्हणून संगणक पंखा चालूच ठेवतो. तात्पर्य, तो मूर्खपणा नव्हता. ती सावधगिरी होती.

सेन्सरचा जोड उघडतांच आंत हिरवट कळंक दिसला. बॅटरीची तार सोडून तो स्वच्छ केला, वाळविला, पुन्हां बसविला. आंकडा २९ अंशांवर आला व पंखा थांबला. एवढ्यावर न थांबतां एंजिन तापेपर्यंत चालूं ठेवलें. सुमारें ९६ अंशांस पंखा आपण होऊन सुरू झाला व थोड्या वेळानें थांबला. आंकडा सुधारला नसता, तर सेन्सर बदलावा लागला असता.

हा उद्योग करूं इच्छिणारांस दोन सूचना. एंजिन गरम असतां रेडिएटरचें झांकण उघडूं नये. आणि किल्ली काढली तरी पंख्याच्या पात्यांत हात घालूं नये, कारण तो केव्हांही फिरूं शकतो.

दुसऱ्या दिवशीं ताम्हिणीच्या चढावर पंखा दोनदां सुरू झाला व दोनदां थांबला. त्या आवाजानें मातोश्री दचकल्या. तेव्हां तो या वेळीं योग्य हुकमानें फिरतो आहे, असें आम्हीं त्यांस निःशंकपणें सांगितलें.