बेळगावी उभारलेली पलटण

निपाणी सुटली की तंबाखूची शेते मागे पडतात आणि संकेश्वरावरून गाडी बेळगावच्या वाटेस लागते. बेळगावचे लष्करी महत्त्व परप्रांतातील मराठी घरांस सांगावयास नको. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र येथे १९२२ पासून आहे. परंतु याच छावणीने आणखी एका पलटणीचा जन्म पाहिला, हे खुद्द बेळगावकरांच्याही क्वचितच ध्यानी असते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभारली, आणि १९२१ मध्ये ती मोडूनही टाकली! १९२५ मध्ये निपाणीस बहिष्कृत वर्गाची परिषद भरली, तिचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. भरतीचे दार पुन्हा उघडावे यासाठी त्यांनी आग्रह धरला, आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये पहिली महार बटालियन बेळगावात उभी राहिली. आज या रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे.

याच रेजिमेंटची आठवी बटालियन १९८७ साली शांतिसेनेबरोबर श्रीलंकेच्या यादवीत उतरली. तीत मेजर रामस्वामी परमेश्वरन होते. जन्म १९४६ चा, मुंबईचा, घराणे दाक्षिणात्य. २५ नोव्हेंबरच्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांची तुकडी अतिरेक्यांनी लावलेल्या सापळ्यात सापडली. अशा वेळी मिळेल तो आडोसा धरावा, ही मनुष्याची उपजत बुद्धी. मेजरसाहेबांनी मात्र वळसा घालून शत्रूस पाठीमागून गाठले. हातघाईत एकाने त्यांच्या छातीत गोळी झाडली. त्याचीच रायफल हिसकावून त्यांनी त्यास ठार केले आणि प्राण जाईपर्यंत ते जवानांना हुकूम देत राहिले. पाच अतिरेकी मारले गेले. तीन रायफली व दोन रॉकेट लाँचर हाती आले.

ज्या मुलखात १९५६ पासून भाषेचा वाद धुमसतो आहे, तेथील आम्हां मराठी शिक्षकांस या हकीकतीतील एक गोष्ट विशेष वाटते : दाक्षिणात्य अधिकाऱ्यामागे महार रेजिमेंटचे जवान त्या अंधारात धावले, तेव्हा कोणी कोणाची मातृभाषा विचारली नसेल.

परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. शांतिसेनेच्या मोहिमेतील ते एकमेव. मार्च १९९० मध्ये सेना मायदेशी आली, तोवर अकराशेहून अधिक भारतीय सैनिक त्या बेटावर कामी आले होते.