'जगले तर टाकी तयार'

रत्नागिरी,
६ एप्रिल

चि. निखिल यास,


तुझा निरोप कालपासून डोक्यातून जात नाही. माशांच्या टाकीचा फोटो छान आला आहे, खडकांची मांडणी तर फारच आवडली. पण खाली तू लिहिलंस, 'दुकानदार म्हणाला, दोन डॅमसेल मासे सोडून बघा, जगले तर टाकी तयार.' हे वाचून माझा जीव कळवळला रे. फोन केला असता तर आवाज चढला असता, आणि तू ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतंस. म्हणून सविस्तर लिहिते आहे. सगळं वाच, मधलं गाळू नकोस.

'जगले तर' म्हणजे काय? आणि नाही जगले तर? शंभर रुपयांचा मासा म्हणून गेला तर गेला? त्या एकट्या दुकानदारावर मी खापर फोडत नाही. एके काळी जगभर खाऱ्या पाण्याच्या टाक्या अशाच सुरू करत, कारण डॅमसेल चिवट आणि स्वस्त. पण चिवट असणं हा त्याचा गुन्हा झाला का? त्याला लवकर मरता येत नाही, एवढंच. कल्ले भाजत असतात आणि तो पोहत असतो. तू लिहितोस, 'तीन दिवस झाले, मस्त आहेत दोघं.' तीन दिवसांत काही दिसत नाहीच. ते वर येऊन तोंड उघडमीट करायला लागतील, कल्ल्यांपाशी लाली येईल, तेव्हा फार उशीर झालेला असेल.

तेव्हा आधी हे कर. दोघांना दुकानात परत नेऊन दे, पैसे मिळोत न मिळोत. घेत नसेल तर रोज सकाळ-संध्याकाळ अमोनिया मोज. चाचणी करायची ती दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदासमोर. कुपीत ५ मिली पाणी घ्यायचं, सांगितलेले थेंब मोजून टाकायचे, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर अमोनिया नाही. लिंबाच्या सालीसारखी जराशी हिरवट झाक आली तरी आहे असं समज आणि त्याच दिवशी पाव टाकी पाणी बदल. नवं पाणी तितक्याच खारटपणाचं आणि तितक्याच तापमानाचं हवं. खाणं दिवसाआड, चिमूटभर. लेकीच्या, इराच्या, हाती डबा लागू देऊ नकोस, ती प्रेमानं अर्धा रिकामा करील.

तुझ्या गप्पींच्या टाकीचा अनुभव इथे कामाचा नाही. तिथे जो आकडा गप्पी निभावून नेतात तो इथे निभत नाही, कारण समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो आणि पीएच जितका वर, तितका अमोनियाचा विषारी वाटा मोठा. उलट नायट्राइटचा धसका तू गोड्या पाण्यात घेतलास तेवढा इथे नको. खाऱ्या पाण्यात क्लोराइड इतकं असतं की नायट्राइट माशाच्या रक्तात सहजी शिरत नाही. आणखी एक. नायट्राइट चढलेलं असताना नायट्रेटची चाचणी फुगवून आकडा दाखवते. तो पाहून 'झाली सायकल' म्हणून नाचू नकोस.

सायकल म्हणजे नेमकं काय, हे तू विचारलंच नाहीस. तू विचारलंस 'मासे कधी?' त्यातच सगळं आलं. माशाची विष्ठा, उरलेलं खाणं, कुजणारं काहीही, यातून अमोनिया सुटतो. एका जातीचे सूक्ष्मजीव त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. विनोग्रादस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं १८९० च्या सुमारास हे जीव वेगळे काढून दाखवले. समुद्रात यातलं पहिलं काम बॅक्टेरियांच्या बरोबरीनं आर्किया नावाचे त्याहून वेगळे जीवही करतात, हे २००५ साली स्पष्ट झालं, तेही सिएटलच्या मत्स्यालयातल्या टाकीतून मिळालेल्या जिवामुळे! म्हणजे ज्यांनी वर्षानुवर्षं ते पाणी सांभाळलं, त्यांनाही त्यात कोण राबतंय ते पुरतं ठाऊक नव्हतं. हे जीव पाण्यात फारसे नसतात, खडकाला, वाळूला, फिल्टरच्या स्पंजाला चिकटून असतात. म्हणून पाणी बदलल्यानं सायकल मोडत नाही, पण तो स्पंज नळाखाली खळखळून धुतलास तर मोडते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं.

हे जीव दुधातल्या विरजणासारखे आपोआप रात्रीत लागत नाहीत. त्यांची वाढ फार संथ. चार ते सहा आठवडे धर, जास्तही लागतील. घाई करायचीच असेल तर ती चांगली जुनी, निरोगी टाकी असलेल्या कुणाकडून मूठभर वाळू आणण्यात कर. आणि त्यांना खायला म्हणून मासा कशाला हवा? अमोनियम क्लोराइड मोजून टाक, दहा लाखात दोन भाग होईल इतकं, बस्स. फरशी पुसायचा अमोनिया मात्र चुकूनही नको, त्यात साबण असतो. काही जण सोललेली कोळंबी टाकतात. त्यानंही होतं, पण बंद फ्लॅटमध्ये तो वास वृषाली सहन करणार नाही आणि मी तिच्या बाजूनं बोलेन. घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला, नायट्राइटही शून्यावर आलं, की टाकी तयार. तयार झाल्याची खूण आकड्यात असते, ती कुणाच्या श्वासावर ठरवायची नाही.

पाण्याचं काय केलंस? फोटोत मागे स्वयंपाकघरातलं ते पाणी शुद्ध करायचं नवं यंत्र दिसतंय, त्याला पाण्यात तांबं मिसळल्याचं दाखवणारा दिवा आहे. त्यातलं पाणी भरलं असशील तर आजच सांग. तांब्याचा अंश माणसाला पचतो. शंख, झिंगे, प्रवाळ यांना तो विष. एकदा तांबं खडकात मुरलं की निघता निघत नाही. शिवाय अशी यंत्रं चवीसाठी खनिजं परत मिसळतात. तुला हवं ते पाणी आरओ गाळणीनंतर क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनमधून गेलेलं, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारं. तुझ्या बदलापूरचं नळाचं पाणी उल्हास नदीचं, बॅरेजवरून उचलून शुद्ध केलेलं. उन्हाळ्यात एक, पावसाळ्याच्या पहिल्या गढूळ लोंढ्यात दुसरंच. त्यामुळे आज मीटरनं शून्य दाखवलं म्हणून जुलैत दाखवीलच असं धरू नकोस.

तुझी टाकी तीन फूट बाय दीड बाय दीड, म्हणजे काठोकाठ १९० लिटर. खडक-वाळू जाऊन दीडशे लिटर पाणी. लिटरला ३५ ग्रॅमच्या थोडं वर मीठ, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. टाकीसाठी बनवलेलंच मीठ, घरातलं नाही. खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरनं बघ, तुझ्या जिभेनं नाही. ३५ हजारांश, तरंगत्या काट्यावर १.०२६.

आता ज्यासाठी मी खरी रागावले आहे ते. 'मालवणला ओळखीचा बोटवाला आहे, तो दोन-चार जिवंत दगड आणून देईल.' निखिल! तू असं लिहूच कसं शकलास? मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. खडक बांधणारे प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ ज्या यादीत आहे तीच ही यादी. १९६१ साली जकार्तामध्ये ली चिन एंग यांनी समुद्रातला जिवंत, म्हणजे जिवाणूंसकट उचललेला, खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाक्या चालवून दाखवल्या, आणि सगळं जग त्या वाटेनं गेलं, हे मलाही माहीत आहे. पण त्या वाटेनं दगड उचलता उचलता किती खडक उघडे पडले याचा हिशेब कुणी ठेवला? मुंबईत किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरचे प्रवाळ २०२० साली सांभाळून दुसरीकडे हलवावे लागले. मूठभर वसाहती, पण त्या हलवताना माणसं श्वास रोखून होती. आणि तू बोटवाल्याला सांगून दगड फोडून आणणार? सुका खडक विकत घे. तो हळू पिकतो, पिकू दे. त्यावर आपल्या डोळ्यांदेखत जे उगवतं त्यातच खरी मजा आहे.

तुला तारापोरवाला मत्स्यालय आठवतं का? दादा आम्हा सगळ्यांना घेऊन गेला होता आणि तू मोरे इलच्या काचेपाशी खिळून उभा होतास, बोलावूनही येईनास. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी त्याचं उद्घाटन केलं होतं, आमचे अण्णा हे दर वेळी सांगायचे. बंद पडून काही वर्षं झाली त्याला. त्या दिवशी बाहेर पडल्यावर तू विचारलं होतंस, 'आत्या, हे पाणी कोण धुतं?' केवढा नेमका प्रश्न होता! मला आजही वाटतं, तो विचारणारा मुलगा या टाकीपाशी यावा.

कारण डोळ्यांनी पाणी कळत नाही, हे माझं फार जुनं म्हणणं आहे आणि तुम्ही सगळे त्याला कंटाळलात तरी मी ते सोडणार नाही. तुझं पाणी फोटोत लखलखतं आहे. विष नेहमी गढूळच असतं असं कुणी सांगितलं? तुझ्या घरापासून दहा-पंधरा मिनिटांवर उल्हास आहे. तिच्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, आणि लोक पुलावर थांबून फोटो काढतात. तो गालिचा म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट, आपल्या सगळ्यांच्या मोऱ्या-गटारांतून आलेलं. तुझ्या टाकीत जे घडतं तेच तिथे घडतं आहे, फक्त नदीचं पाणी बदलून द्यायला कुणी नाही. आणि वालधुनी? अंबरनाथच्या शिवमंदिराला, १०६० सालच्या त्या शिल्पाला, लागून वाहणारी नदी. २०१४ च्या नोव्हेंबरात उल्हासनगरला तिच्यात रसायन ओतलं गेलं, आणि शेकडो माणसांना श्वास लागून इस्पितळात न्यावं लागलं. पाणी कसं आहे ते तिथेही आधी आकड्यानं कळलं नाही. लोकांच्या घशानं ते सांगितलं. 'जगले तर ठीक' हीच ती वृत्ती, निखिल. टाकीत ती डॅमसेलच्या वाट्याला येते, नदीकाठी माणसांच्या. म्हणून मी एका माशावरून इतकं बोलते आहे. मोजायचं साधन हातात असताना जिवाला साधन करायचं नाही. 

असो. ऊन कसं आहे तिकडे? बदलापूरचा एप्रिल मला पाठ आहे, चाळीसच्या पुढे पारा आणि पत्र्यासारखी तापलेली गच्ची. टाकी २६ अंशांवर राहायला हवी. पाण्यावर पंखा लावलास तर दोन-तीन अंश उतरेल, पण पाणी उडून जाईल आणि मीठ मागे राहील. भर घालायची ती गोड्या, शून्य टीडीएसच्या पाण्याची. खारं पाणी भरत राहिलास तर खारटपणा चढतच जाईल. पावसाळ्यात हवाच दमट, तेव्हा पंख्याचा उपयोग कमी. चिलर महाग आहे, मला कल्पना आहे. पण प्रवाळ ठेवायचे असतील तर आत्तापासून पैसे बाजूला टाक आणि दिव्यांची खरेदी लांबव. रंगीत दिवे तू आधीच मागवले असशील, मला तुझा स्वभाव ठाऊक आहे.

पुढे तपकिरी थर येईल, खडक, वाळू, काच, सगळं माखून टाकील. घाबरू नकोस, ते डायटम, नव्या टाकीत येतात आणि जातात. मग हिरवं शेवाळ. मग दोन-चार शंख. मग, आणि तेव्हाच, मासा, आणि तो एक. क्लाउनफिश घ्यायचा तर पैदाशीतला घे, समुद्रातून पकडलेला नको. ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाच्या केंद्रात त्यांची पिल्लं वाढवण्याचं काम झालं आहे. इराला घेऊन एखाद्या रविवारी जाऊन ये. प्रवाळांचं आत्ता बोलूच नकोस. त्यांना अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम असा आणखी हिशेब आहे, तो दिवाळीनंतर.

आणि हे सगळं इराच्या वाढदिवसापर्यंत पुरं होणार नाही, हे तिला तूच सांग. नुसते खडक आणि पाणी असलेली टाकी दाखव. तिला कुप्यांचे रंग बघायला बसव, तिला ते आवडेल, वृषाली सांगत होती ती हल्ली सगळ्याची वही करते. पण त्या दोन डॅमसेलना तिनं नावं ठेवली असली तर मला काळजी वाटते. ठेवली आहेत का? काय ठेवली? हे आधी कळव, आणि त्याच्याखाली आजचा अमोनियाचा आकडा लिही. 'ठीक आहे' असं लिहू नकोस, आकडा लिही.

दादाला सांग गुडघ्याचं तेल पाठवते आहे.

तुझी,
आत्या

ता. क. वीज गेली तर काय करणार आहेस? पाणी हलायचं थांबलं की खडकांवरच्या जिवांचाही प्राणवायू संपतो, फक्त माशांचा नाही, आणि तापलेल्या पाण्यात मुळातच तो कमी असतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेऊन ठेव, महाग नसतो. इन्व्हर्टरवर टाकी टाकायची तर आधी दादाशी बोल.