मेद, मांस आणि वजनकाटा

वजन कमी करावयाचे आणि त्यासाठी वजने उचलावयाची, हे वाक्य प्रथम ऐकणाऱ्यास विनोदी वाटावे असेच आहे. आमच्या धाकट्या सूनबाईंनी गेल्या दिवाळीनंतर विरारच्या एका व्यायामशाळेत नाव घातले, तेव्हा आमच्या वसईच्या घरातील वडीलधाऱ्या मंडळींचा सूरही तसाच होता. "चालावे, नमस्कार घालावेत, फार तर जीवदानीच्या पायऱ्या चढाव्यात; लोखंडाशी बायकांचे काय काम?" शब्दांचे अर्थ फोडून सांगण्यात आमचा जन्म गेलेला, म्हणून या वादाच्या मुळाशी असलेला 'वजन' हा शब्दच प्रथम तपासून पाहावा, असे आम्हास वाटले.

आमच्या वैद्यकाने शरीराचे सात धातू मानले आणि त्यांत मांस व मेद यांस पृथक् स्थान दिले. चरकाने निंद्य देहांची गणना केली, तीत अतिस्थूलाबरोबर अतिकृशासही बसविले. वजनकाट्याच्या ठायी हा विवेक नाही. मेद, मांस, अस्थी आणि पोटातील पाणी या सर्वांची बेरीज करून तो एकच आकडा दाखवितो. जो केवळ उपाशी राहतो त्याचा आकडा उतरतो खरा. परंतु उतरलेल्या वजनात पुष्कळदा चतुर्थांशाच्या आसपास भाग मेदाचा नसतो, आणि त्यात स्नायूही असतात. म्हणजे घर हलके करावयाचे म्हणून अडगळीबरोबर खांबही काढून टाकण्यासारखेच हे झाले.

सूनबाईंच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. दोन बाळंतपणांनंतर कंबरेचा घेर वाढला, रक्तातील साखर सीमेवर आली आणि डॉक्टरांनी ताकीद दिली. तेव्हा त्यांनी रात्रीचे जेवण सोडले. सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी धरली. उपासास साबुदाणा, ज्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते. तीन महिन्यांत पाच किलो उतरले. पण धाकट्या नातवास कडेवर घेऊन दोन जिने चढताना त्यांस मध्येच बसावे लागू लागले. पुढे व्रते सैल झाली आणि गौरी-गणपतीपर्यंत ते पाचही किलो परत आले. शक्ती मात्र परत आली नाही.

येथे थोडे गणित केले पाहिजे. एक किलो मेदात सुमारे ७,७०० उष्मांक साठविलेले असतात. आठवड्यास अर्धा किलो मेद झडावा असे वाटत असेल, तर दिवसाकाठी सुमारे ५५० उष्मांकांची तूट पडावयास हवी. ही तूट मुख्यत्वे ताटातच पाडावी लागते. तासभर लोखंड उचलल्याने ती भरून निघेल, या भ्रमात कोणी राहू नये. मग वजने कशासाठी? तर तूट पडली असता शरीराने मेद खर्चावा, मांस खर्चू नये, यासाठी. ज्या नोकराकडे काम आहे त्यास शहाणा मालक काढीत नाही. स्नायूंचेही तसेच आहे.

दुसरी भीती अशी, की बायका पुरुषांसारख्या दिसू लागतील. स्नायू फुगविणारा टेस्टोस्टेरॉन नामक जो अंतःस्राव, तो स्त्रियांच्या ठायी पुरुषांच्या मानाने फारच अल्प असतो. त्यामुळे हे भय व्यर्थ होय. मावळातील वडगावच्या हर्षदा गरुड हिने २०२२ साली ग्रीसमधील हेराक्लिऑन येथे कनिष्ठ गटाच्या जागतिक भारोत्तोलन स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. तिचा गट ४५ किलोंचा होता आणि तिने ७० व ८३ असे एकूण १५३ किलो उचलले. आपल्या देहाच्या दीडपटीहून अधिक भार डोक्यावर धरणारी ही मुलगी एखाद्या कॉलेजकन्येहून आकाराने मोठी नव्हती. ऑलिंपिकमध्ये पदक मिळविणारी पहिली भारतीय स्त्री, २००० सालची कर्णम मल्लेश्वरी, हीसुद्धा भारोत्तोलकच होती.

आणि भार हा स्त्रियांस नवा तरी कोठे आहे? अर्नाळ्याच्या कोळणींनी माशांच्या पाट्या वाहिल्या. वाडवळ व कुपारी बागायतदारांच्या घरच्या स्त्रियांनी भाजीफुलांची ओझी गाडीत चढवून मुंबईचे बाजार गाठले. आमच्या घरांतही जाते होते, पाटा-वरवंटा होता, विहिरीवरून आणावयाचे हंडे होते. हे सर्व गेले आणि त्याबद्दल हळहळ करण्याचे कारण नाही, कारण त्या कष्टांस ना मोजमाप होते ना विश्रांती. परंतु कष्ट गेले तरी पानातील भात मात्र तेवढाच राहिला. व्यायामशाळेतील भार मोजलेला असतो आणि त्यामागोमाग विश्रांती असते, हा त्यातील मोठा भेद.

आता कृती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांस सांगितले, की चालणे-पळणे यांशिवाय आठवड्यातून निदान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंस बळ देणारा व्यायाम करावा. वजन घेऊन बैठक, जमिनीवरून भार उचलणे, तो खांद्यावरून वर ढकलणे, स्वतःकडे ओढणे, एवढ्यात बहुतेक सारे येते. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, दोन-तीन आवर्तने. सहज जमू लागले की भार थोडा वाढवावा. सुश्रुताने व्यायाम आपल्या निम्म्या शक्तीनेच करावा असे सांगितले आहे. पुढे भार वाढवावाच लागतो. पण प्रारंभीच्या आठवड्यांस ही मर्यादा उत्तम. श्वास कोंडू नये. रक्तदाब, गुडघेदुखी किंवा गर्भारपण असल्यास आधी डॉक्टरांस विचारावे. आहारात दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोंच्या स्त्रीस सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिने हवीत. वजन उतरविताना याहून काही अधिक असावीत. पातळ वरणाच्या एका वाटीने ती भरत नाहीत. उसळ, दही, पनीर, चणे यांस पानात जागा द्यावी लागते. आणि काट्याऐवजी शिंप्याची फीत वापरावी. आपल्याकडील स्त्रियांची कंबर ८० सेंटिमीटरांच्या आत असणे हितकर मानले आहे.

सूनबाईंच्या पाच महिन्यांचा हिशेब असा : काट्यावर केवळ दोन किलो उतरले, फितीवर मात्र सात सेंटिमीटर. नातू आता कडेवरून थेट वर येतो.

या प्रश्नाचे खरे गांभीर्य आम्हास समजले ते आमच्या ज्येष्ठ भगिनींकडे पाहून. त्या जन्मभर सडपातळ; कोणी त्यांस व्यायामाचे नावही काढले नाही. गतवर्षी न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून त्या अंथरुणावरून आधाराविना उठलेल्या नाहीत. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे वेगाने विरळ होतात आणि वयाबरोबर स्नायूही झिजतात. या दोहोंस थोपविण्याच्या उपायांत भार उचलण्याचे स्थान मोठे आहे. तेव्हा हा केवळ रूपाचा प्रश्न नव्हे. उतारवयात स्वतःच्या पायांवर उठता येईल की नाही, याचा आहे.

एकत्र कुटुंबात या व्यायामाची अडचण लोखंडाची नसून तासाची आहे. सकाळी सहा ते सात हा चहाचा, डब्यांचा आणि पोळ्यांचा तास. तो सुनेने स्वतःसाठी घेतला की घराचा गाडा अडतो. आमच्याकडे आता आठवड्यातील तीन दिवस धाकटे चिरंजीव कणीक मळतात, थोरल्या सूनबाई पोळ्या लाटतात, भाजी आदल्या रात्रीच चिरून ठेवलेली असते आणि चहा आम्ही करतो. चहा पहिल्या आठवड्यात कडू होत असे. आता त्याविषयी तक्रार नाही. वाचकांच्या घरी कोणी सूनबाई किंवा सासूबाई असा तास मागत असतील, तर व्यायामशाळेची फी देण्याआधी तो तास मोकळा करून द्यावा, एवढेच आमचे सांगणे आहे.