उड्डाणापूर्वीं

आपल्या पांढरपेशा घरांतून पुस्तकांचें कपाट हमखास आढळतें. परंतु पेचकस मागितला तर सारें घर धुंडाळावें लागतें, आणि अखेर तो शेजाऱ्यांकडून आणावा लागतो. दिवा बिघडला कीं मिस्त्री बोलवावा, आणि मुलानें मात्र यंत्रशास्त्राची पदवी घ्यावी, अशी आपली विलक्षण रीत आहे. यंत्र शिकावें, पण यंत्राला हात लावूं नये! गेल्या हिवाळ्यांत आमच्या दारव्ह्याच्या घरीं बिनतारी यंत्रानें चालणारें एक लहानसें विमान तयार झालें, तेव्हां ही रीत आम्हांस जरा जवळून पाहावयास मिळाली. तीच हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या वडील भगिनीचा मुलगा बारावी उत्तम रीतीनें उत्तीर्ण झाला, परंतु अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेंत मागें पडला. आमचे मेहुणे प्राध्यापक आहेत. त्यांनीं त्यास नागपुरास शिकवणीच्या वर्गांत पुन्हां वर्षभर घातलें. मुलगा हळूहळू बोलेनासा झाला. "मला विमानांच्या देखभालीचें शिक्षण घ्यावयाचें आहे," असें त्यानें एकदां धीर करून सांगितलें, त्यावर मेहुणे एवढेंच म्हणाले, "आपल्या घरांत आजवर कोणी मिस्त्री झाला नाहीं." दिवाळीच्या सुट्टींत ताईनें त्याला आमच्याकडे पाठविलें, आणि सुट्टी संपली तरी तो परत जाईना, तेव्हां तिनेंच आणखी महिन्याभराची मुदत मिळवून दिली. येतांना त्याच्या काखेंत एक लांबट खोका होता. त्यांत पातळ लाकडाच्या फळ्या, काड्या आणि घडी घातलेला एक भला मोठा नकाशा, एवढेंच सामान! यांतून विमान कोणत्या मार्गानें निघणार, हें आम्हांस उमगेना.

तें लाकूड बाल्साचें. हें झाड मूळचें दक्षिण व मध्य अमेरिकेंतील, आणि जगाला पुरवठा होतो तो मुख्यतः इक्वेडोर देशांतून. आमच्या यवतमाळ जिल्ह्याची ओळख सागवानाच्या जंगलांनीं. त्या सागवानाच्या मानानें बाल्साचें वजन सुमारें चौथा हिस्सा. नखानें दाबलें तर वळ उठावा इतकें तें मऊ. बांधणीसाठीं अगदीं सपाट पाट हवा होता, म्हणून माडीवर पडून असलेलें आजोबांच्या वेळचें सागवानी दार आम्हीं खालीं उतरवून दोन बाकांवर आडवें टाकलें. त्यावर नकाशा, नकाशावर डिंक चिकटूं नये म्हणून पारदर्शक कागद, आणि कागदावर टांचण्यांनीं खिळवून एकेक फांसळी. भाचा सकाळीं बसे तो दिवेलागणीपर्यंत. पंखाच्या फांसळ्या एका ओळींत आल्या कीं नाहींत हें तो एक डोळा मिटून पाही, आणि एखादी केसभर पुढें असली तर सोडवून पुन्हां चिकटवी. आम्हीं एकदां म्हटलें, "अरे, एवढा फरक कोणास दिसणार?" तो म्हणाला, "मामा, हवेला दिसतो."

सांगाड्यावर बारीक रंगीत पापुद्रा चढवावयाचा असतो, आणि तो गरम इस्त्रीनें ताणून बसवावा लागतो. येथें आमच्या सौभाग्यवतींचा संबंध आला, कारण घरांतील इस्त्री एकच. "अहो, ह्या इस्त्रीनें उद्यां माझ्या लुगड्याला रंग लागला तर?" असा प्रश्न आमच्यावर आला, परंतु तासाभरानें पाहतों तों त्याच भाच्याला इस्त्री कशी धरावी हें शिकवीत होत्या! उष्णता कमी पडली तर सुरकुत्या राहतात. अधिक झाली तर पापुद्रा इतका आवळतो कीं पंखच पिळवटतो, आणि पिळवटलेल्या पंखाचें विमान एका बाजूस कलत राहतें. एक पंख असा पिळवटला होताच. मामींनीं तो उलट दिशेनें धरला, भाच्यानें पुन्हां ऊब दिली, आणि तो सरळ झाला.

संध्याकाळीं ओसरीवर मंडळी जमत, आणि विमान म्हटलें कीं तळपद्यांची कथा निघाल्यावांचून राहत नसे. शिवकर बापूजी तळपदे यांनीं १८९५ सालीं मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविलें, असें आमच्या एका शेजाऱ्यांनीं मोठ्या अभिमानानें सांगितलें. त्या उड्डाणाचा विश्वसनीय पुरावा उपलब्ध नाहीं. आणि 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथांतील विमानांची १९७४ सालीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील अभ्यासकांनीं छाननी केली, तेव्हां तीं उडूं शकणार नाहींत असाच निष्कर्ष निघाला. आम्हांस या कथेपेक्षां कॅप्टन अमोल यादव यांची हकीकत अधिक अभिमानाची वाटते. मुंबईंत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर त्यांनीं वर्षानुवर्षें खपून सहा आसनांचें खरेंखुरें विमान बांधलें. २०१६ सालीं तें लोकांनीं प्रदर्शनांत पाहिलें, आणि उड्डाणाची परवानगी २०१९ सालीं मिळाली. बांधण्यापेक्षां परवानगीचीच चिकाटी मोठी, असें कोणी म्हटलें तर आम्ही वाद घालणार नाहीं.

सांगाडा झाला म्हणजे काम संपलें असें आम्ही समजत होतों. खरें पाहतां तेथून तें सुरू झालें. नाकाशीं विजेची मोटार, पोटांत बॅटरी, आज्ञा झेलणारा रिसीव्हर, आणि पंख व शेपटीचीं पातीं हालविणाऱ्या सर्व्हो नांवाच्या चार इवल्याशा मोटारी, एवढें बसवून विमानाचें वजन सव्वा किलोच्या आसपास भरलें. मग तोल. पंखाच्या पुढल्या कडेपासून मागल्या कडेपर्यंत बावीस सेंटिमीटर रुंदी होती. नकाशाप्रमाणें पुढल्या कडेपासून सुमारें सहा सेंटिमीटरांवर दोन बोटांनीं उचललें असतां विमान समतोल, किंबहुना नाकाकडे किंचित् झुकलेलें राहावयास पाहिजे. नाक थोडें जड असलें तर विमान आळशी होतें, पण ऐकतें. शेपटी जड असली तर तें नाक वर करतें, वेग हरवतें, आणि मग कोणाचेंच ऐकत नाहीं. आमचें विमान शेपटीकडे झुकलें. भाच्यानें शिसें लावलें नाहीं. बॅटरीच बोटभर पुढें सरकविली, आणि तिची जागा आंत रेघ मारून कायम केली.

त्यानंतर आज्ञांची परीक्षा. ही करतांना मोटारीचा पंखा काढून ठेवावयाचा, हा त्याचा पहिला दंडक; टेबलावर अकस्मात् फिरलेला पंखा बोटें कापतो. विमानाच्या पाठीमागें उभें राहून दांडी उजवीकडे नेली कीं उजव्या पंखाचें पातें वर उठलें पाहिजे आणि डाव्याचें खालीं गेलें पाहिजे. हें उलटें जोडलें गेलें तर उजवीकडे जा म्हणतांच विमान डावीकडे कलंडतें, आणि जमीन जवळ असल्यानें विचारास अवकाश राहत नाहीं. हातांतील ट्रान्समीटर आधीं सुरू करावयाचा, विमानाची बॅटरी मागाहून जोडावयाची. आणि बंद करतांना याच्या उलट. ट्रान्समीटर मुद्दाम बंद करून मोटार आपोआप थांबते कीं नाहीं हेंही त्यानें पाहिलें. बॅटरी तीन घरांची. भरली म्हणजे प्रत्येक घर ४.२ व्होल्ट दाखवितें, आणि तीनाच्या खालीं गेलें तर कायमचें बिघडतें.

दुरून यंत्र चालविण्याची ही कल्पना कांहीं नवी नव्हे. निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें बिनतारी आज्ञेनें चालणारी लहान होडी लोकांना दाखविली होती, आणि १९३७ सालीं अमेरिकेंत वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनीं असें विमान उडविलें. पुढें बरींच वर्षें प्रत्येक यंत्राची लहरसंख्या ठरलेली असे, आणि एकाच लहरसंख्येवर दोघांनीं यंत्रें सुरू केलीं तर विमान पडे. हल्लींचीं यंत्रें २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत राहून आपापली वाट शोधतात, म्हणून तो धोका बहुतेक टळला आहे.

२०२१ च्या ड्रोन नियमांत खेळासाठीं व शिक्षणासाठीं, नजरेच्या टप्प्यांत उडविलेल्या विमानांचा निराळा वर्ग आहे. पण आकाशाचे हिरवे, पिवळे, तांबडे विभाग त्यांनाही लागू आहेत. भाच्यानें सरकारी नकाशा उघडून आमची जागा हिरव्यांत असल्याची खात्री करून घेतली. जागा म्हणजे गांवाबाहेरची ई-क्लासची जमीन. एका अंगाला पऱ्हाटीचीं वावरें, दुसऱ्या अंगाला जुन्या शकुंतला रेल्वेचा ओसाड मार्ग.

ठरल्या रविवारीं मेहुणे व ताई आलीं. गांवांत बातमी फुटली होतीच. पन्नासएक माणसें जमलीं. एका म्हाताऱ्या कास्तकारानें आम्हांस विचारलें, "गुरुजी, यानं फवारनी व्हते काय?" प्रश्न साधा, पण आम्ही चमकलों. २०१७ सालीं याच जिल्ह्यांत कापसावर विषारी औषध फवारतांना वीसाहून अधिक माणसें मेलीं, आणि शेंकडों रुग्णालयांत गेलीं. "यानें नव्हे," आम्हीं सांगितलें, "पण याच विद्येनें चालणारीं, दहा लिटरची टाकी वाहणारीं यंत्रें आतां निघालीं आहेत." मेहुणे शेजारींच उभे होते. ते कांहीं बोलले नाहींत.

भाच्यानें विमान त्यांच्याच हातीं दिलें. पल्ल्याची परीक्षा अशी असते कीं ट्रान्समीटरची शक्ति मुद्दाम क्षीण करावयाची आणि तीसएक पावलें दूर जाऊन पातीं हालतात कीं नाहीं तें पाहावयाचें. तो दूर गेला आणि ओरडला, "बाबा, शेपटीचें पातें हालतें का?"

"हालतें कीं!"

"लगेच?"

मेहुणे क्षणभर थांबले. "जरा थांबून."

भाचा परत आला, पुन्हां गेला, पुन्हां तेंच. त्याचा चेहरा उतरला. लोक ताटकळले होते; मेहुणेच म्हणाले, "अरे, एवढी मंडळी आली आहे. एकदां उडवून तर पाहा."

"नाहीं बाबा. आज नाहीं." असें म्हणून त्यानें बॅटरीची तार उपटली, आणि जमलेल्यांपुढें हात जोडून विमान खोक्यांत ठेवलें. पोरांनीं हुर्यो केली. घरीं येईपर्यंत कोणी बोललें नाहीं.

रात्रीं दोघे बापलेक त्या सागवानी दारापाशीं बसले. रिसीव्हरच्या दोन बारीक तारा एकमेकींशीं काटकोन करून मोकळ्या राहावयास हव्यात; त्यांपैकीं एक बॅटरीखालीं दबून दुमडली होती. ती मेहुण्यांना सांपडली. निजण्यापूर्वीं आम्ही त्यांना म्हणालों, "भावोजी, नागपुरास मिहानमध्यें मोठ्या विमानांची दुरुस्ती होते. तेथें परवानाधारक अभियंत्याची सही झाल्याशिवाय विमान प्रवाशांकरितां सुटत नाहीं. तो सही करणारा कसा असावा?" त्यांनीं चष्मा पुसला, आणि उद्यांची गाडी किती वाजतां आहे तें विचारलें.

पुढल्या रविवारीं ना मेहुणे होते ना गर्दी. पहाटेचा धूर सरळ वर जात होता. हिवाळ्यांतील अशी हवा उन्हाळ्यांतील पंचेचाळीस अंशांच्या हवेपेक्षां सुमारें दहावा हिस्सा घट्ट असते, आणि पंखांना तितकाच अधिक आधार देते. विमान हातांतून सोडण्याचें काम आमच्याकडे होतें. सपाट, झुळकेच्या समोर आणि बिचकल्यावांचून, एवढीच सूचना. सुटतांच तें डावीकडे ओढूं लागलें; भाच्यानें बोटानें दोन बारीक खटके दिले आणि तें सरळ झालें. सहा मिनिटें तें आमच्या डोक्यावर मोठ्या घिरट्या घालीत होतें. उतरलें मात्र पऱ्हाटींत, आणि आणलें तेव्हां त्याच्या पंखाला कापूस लागला होता.

भाचा आतां नागपुरास आहे. प्रवेशपरीक्षा तो देणार आहे, आणि विमान-देखभालीच्या अभ्यासक्रमाचें माहितीपत्रक मेहुण्यांनीं स्वतः मागविलें आहे. दोहोंपैकीं काय ठरतें तें उन्हाळ्यांत कळेल. विमान आमच्या ओसरीवर टांगलें आहे. बॅटरी पुरी भरून ठेवल्यास खराब होते, म्हणून ती दर घरास ३.८ व्होल्ट ठेवून पत्र्याच्या डब्यांत घातली आहे, आणि दर पंधरवड्यास दूरध्वनि येतो, "मामा, मोजलीत का?"