पेंबेतातू म्हणजे त्रिकोण

स्वाहिली भाषेत सकाळी सात वाजता एक वाजतो. 'सा मोजा', म्हणजे दिवसाचा पहिला तास. आपले आठ ते त्यांचे दोन, आणि भर दुपारी बारा वाजता सहा. विषुववृत्ताच्या आसपास सूर्य वर्षभर जवळजवळ एकाच वेळी उगवतो, त्यामुळे ही मोजणी तिथं बिनबोभाट चालते. आईला हे मोठ्या नवलाईनं सांगायला गेले, तर ती म्हणाली, "उगवतीपासून घटका मोजायच्या, त्यात नवं काय? पंचांग दुसरं काय करतं?" मला मात्र तिकडच्या कुणी फोनवर वेळ सांगितली की मनात सहा मिळवावे लागतात, आणि वर अडीच तासांचा फरक आहेच.

हा उपद्व्याप कशासाठी, ते सांगायला हवं. येत्या जानेवारीत मी टांझानियात, डोडोमाजवळच्या एका माध्यमिक शाळेत सहा महिने गणित शिकवायला जाणार आहे. पगार नाही, राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण. माझी एक जुनी विद्यार्थिनी नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडे असते, तिनं गाठ घालून दिली. बेळगावातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात तेहेतीस वर्षं गणित शिकवून मी तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. जावयाच्या गावी जाऊन यावं, काशी-रामेश्वर करावं, असं हे वय.

बातमी घरात फुटली त्या रात्री हे एवढंच म्हणाले, "गणित शिकवायला इथं मुलं कमी पडली का?"

प्रश्न रागाचा नव्हता, म्हणूनच जास्त लागला. आमच्या गल्लीतच चार मुलं गणितात नापास होतात. आफ्रिकेत जाऊन चार महिने मुलांबरोबर फोटो काढून येणाऱ्यांविषयी मीही पूर्वी नाक मुरडलेलं आहे. तिथं शिकलेसवरलेले गणिताचे शिक्षक नाहीत का? आहेत. मग मी कोण लागून गेले? या प्रश्नाचं उत्तर मला दोन महिने सापडत नव्हतं, आणि ते सापडल्याखेरीज तिकीट काढायचं नाही असं मी ठरवलं होतं.

उत्तर सापडलं ते टांझानियाच्या शाळांविषयी वाचताना. त्या देशात सव्वाशेच्या आसपास भाषा बोलल्या जातात. १९६७ साली ज्युलियस न्येरेरे यांच्या सरकारनं प्राथमिक शाळांचं माध्यम स्वाहिली केलं. न्येरेरे स्वतः मूळचे शाळामास्तर. राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही लोक त्यांना 'म्वालिमू', म्हणजे गुरुजी, म्हणत. या गृहस्थानं राज्यकारभार सांभाळून शेक्सपिअरचं 'ज्युलियस सीझर' आणि 'मर्चंट ऑफ व्हेनिस' स्वाहिलीत आणलं. पण माध्यमिक शाळा इंग्रजीतच राहिल्या. तिथंही स्वाहिली आणण्याच्या चर्चा झाल्या, तरी गाडी पुढे सरकली नाही. म्हणजे डोडोमाकडचं मूल घरी चिगोगो बोलतं, सातवीपर्यंत स्वाहिलीत शिकतं, आणि पुढच्या जानेवारीत 'फॉर्म वन'मध्ये बसलं की फळ्यावरचं सगळं इंग्रजीत.

सीमाभागातल्या वाचकाला यापुढे काही समजावून सांगायला नको. घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि कॉलेजात इंग्रजी हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं आहे. माझ्या शाळेतली मुलं दहावीला गणितात नव्वदच्या वर मार्क घेत आणि पी.यू.सी.च्या पहिल्या वर्गात जाऊन मुकी होत. एक मुलगा आठवतो. अतिशय तल्लख. जूनमध्ये कॉलेज सुरू झालं, ऑगस्टमध्ये वडील त्याला घेऊन माझ्याकडे आले. सायन्स सोडतो म्हणत होता. मी त्याला एक उदाहरण घातलं, त्यानं चुटकीसरशी सोडवलं. "अरे, मग येतंय की!" म्हटलं, तर म्हणाला, "बाई, मला लसावि येतो. एलसीएम येत नाही." बरं, शेजारच्या कन्नड शाळेतून आलेल्या मुलाचा तोच 'लसाअ' असायचा. तिघांची संख्या एक, नावं तीन, आणि वर्गात हात मात्र एकाचाच वर.

त्या वर्षापासून मी दहावीच्या परीक्षेनंतर मे महिन्यात एक वर्ग घ्यायला लागले. नवं गणित काही नाही. जुनंच, पण दोन भाषांत. वहीत रकाने आखायचे: मराठी, कन्नड, इंग्रजी. आधी आपल्या भाषेत मोठ्यानं विचार करायचा, मग तोच विचार इंग्रजी शब्द घालून पुन्हा म्हणायचा, आणि शेवटी लिहायचा. वीसेक वर्षं हा वर्ग चालला. सगळी मुलं तरली असं नाही. पुष्कळांना कॉमर्सला जावंच लागलं. पण भाषा बदलली की मूल नेमकं कुठं अडखळतं, ते मला कळायला लागलं. 'बेरीज करा' कळतं, 'कमीत कमी' आणि 'जास्तीत जास्त' यांच्यात घोटाळा होतो. 'जर-तर'ची वाक्यं सगळ्यांत घातकी. हे पुस्तकात नसतं. मी डोडोमाला गणित न्यायला निघालेली नाही, ते त्यांच्याकडे आहे. माझ्याजवळ आहे ती ही वही. तिथल्या मुख्याध्यापकांना तसं कळवलं तेव्हा त्यांचं उलट उत्तर आलं: खडू-पेन्सिली आणू नका, इथं मिळतात, आमच्या शिक्षकाच्या जागी उभ्या राहू नका, त्याच्या शेजारी उभ्या राहा, वर्गात सत्तर मुलं असतात, आवाज मोठा ठेवा. तिन्ही गोष्टी मला पटल्या. यांना पत्र वाचून दाखवलं. हे म्हणाले, "आवाजाची काळजी नाही म्हणावं."

तेव्हापासून वहीत चौथा रकाना आला आहे. स्वाहिली शिकताना मला वाटलं होतं तितकं परक्या गावात गेल्यासारखं होत नाही. अरबांच्या गलबतांनी आणि आपल्याकडच्या व्यापाऱ्यांनी तो किनारा शेकडो वर्षं घुसळला आहे. दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', रंगाला 'रांगी', लेखणीला 'कलामू', विम्याला 'बिमा', हिशेबाला 'हेसाबू'. शाळा मात्र 'शुले', कारण पहिल्या महायुद्धापर्यंत तिथं जर्मनांचं राज्य होतं. सगळ्यात मौज 'किताबू'ची. शब्द अरबी, पण स्वाहिलीत 'कि'नं सुरू होणाऱ्या नामांचं अनेकवचन 'वि'नं होतं, म्हणून अनेक पुस्तकं म्हणजे 'विताबू'! पाहुण्याला घरच्या पाटावर बसवून घरचंच पान वाढायचं, ते असं. वडीलधाऱ्यांना नमस्कार 'शिकामो'. त्याचा अर्थ 'पाय धरतो' असा सांगतात, आणि मोठ्यांनी 'माराहाबा' म्हणून तो स्वीकारायचा.

आकडे तर गणिताच्या शिक्षकाला हेवा वाटावा असे. अकरा म्हणजे 'कुमी ना मोजा', दहा आणि एक. एकोणतीस म्हणजे वीस आणि नऊ. आपल्याकडे २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन सुचवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मंगला नारळीकर बाईंनी शांतपणे बाजू मांडली, तरी विनोदच जास्त झाले. मला स्वतःला 'त्रेसष्ट', 'एकोणऐंशी' हे शब्द प्रिय आहेत आणि ते जाऊ नयेत असं वाटतं. पण एकोणसाठ आणि एकोणसत्तरमध्ये रडकुंडीला आलेली मुलं मी पाहिली आहेत. त्रिकोण 'पेंबेतातू': पेंबे म्हणजे कोन, तातू म्हणजे तीन. 'ट्रँगल'मध्ये मुलाला काहीच दिसत नाही, पेंबेतातूत त्रिकोणासारखेच तिन्ही कोन दिसतात.

बाकी तयारी कागदांची आणि सुयांची. स्वयंसेवकांना तिथं 'सी' वर्गाचा निवास परवाना लागतो. त्यासाठी पदवीचं प्रमाणपत्र, ते माझ्या माहेरच्या नावावर. पासपोर्ट सासरच्या नावावर. दोन्ही बाया एकच, असं प्रतिज्ञापत्र करायला गेले. ते झालं कन्नडमध्ये, मग त्याचं इंग्रजी भाषांतर, मग त्यावर शिक्के. विमान आदिस अबाबाला थांबतं, आणि पीतज्वराच्या देशातून येणाऱ्याकडे लशीचं पिवळं कार्ड नसेल तर आपलं सरकार परतल्यावर सहा दिवस वेगळं ठेवू शकतं. ही लस ठराविक केंद्रांतच मिळते, म्हणून गोव्यात मुरगाव बंदराच्या आरोग्य केंद्रात गेले. साठीपुढच्या माणसाला या लशीचा त्रास होण्याचा धोका जास्त असतो. तिथल्या डॉक्टरांनी जुने आजार, चालू गोळ्या सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, "बाई, जाणं गरजेचं आहे का?" यांचाच प्रश्न, दुसऱ्या शब्दांत. मी हो म्हटलं. दोन दिवस कणकण होती, मग उतरली. कार्ड दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासूनच्या नियमानुसार जन्मभर चालतं. हिवतापासाठी रोज एक गोळी, परत आल्यावरही चार आठवडे.

जाऊबाईंनी चिवडा, मेतकूट, शेंगाचटणी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून आणली होती. टांझानियात १ जून २०१९ पासून त्या पिशव्यांना बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात. मग जुन्या पातळांच्या पिशव्या शिवल्या, चटणी डब्यात गेली. भाकरीची चिंता नाही. डोडोमाचा मुलूख कमी पावसाचा, तिथं जोंधळा आणि बाजरी पिकते. जोंधळ्याला 'म्तामा' म्हणतात. ते त्याचं पीठ शिजवून घट्ट गोळा करतात, 'उगाली'. तवा मात्र मी नेते आहे.

आईला अजून पूर्ण सांगितलेलं नाही. सहा महिने म्हटल्यावर तिनं बोटांवर मोजलं आणि नुसतं, "आषाढात येशील म्हणजे," म्हणाली. ती शहाऐंशीची आहे. त्यावर मी काही बोलले नाही, तीही बोलली नाही.

परवाना यायचा आहे. दरम्यान रोज संध्याकाळी डोडोमाहून एक तेरा वर्षांची मुलगी फोनवर माझे उच्चार दुरुस्त करते. जानेवारीत तीही फॉर्म वनला जाईल. परवा मी तिला विचारलं, घरी, तुझ्या आजीच्या भाषेत त्रिकोणाला काय म्हणतात? ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, आजीला विचारून सांगते. वहीत मी पाचवा रकाना आखून ठेवला आहे.