एवढीशी मधमाशी

भीतीला आकाराचें फार वेड आहे. वाघ, महापूर, वीज ह्यांना भिणाऱ्या मनुष्याला कोणी हंसत नाहीं. उलट तो विचारी ठरतो. पण एखाद्या धडधाकट तरुणानें "मला मधमाशीचें भय वाटतें" असें चारचौघांत म्हणून पाहावें! लगेच कोणीतरी गालांतल्या गालांत हंसतो. कोणी लहानपणीं मोहोळ झाडतांना आपल्याला किती माश्या डसल्या त्याचा हिशेब सांगूं लागतो. आणि शेवटीं एखादे वडील गृहस्थ डंखावर चुना लावण्याचा उपाय सांगून विषयाचा निकाल लावतात. माझ्या भाच्याच्या वांट्याला हा प्रसंग इतक्या वेळां आला कीं, पुढें पुढें त्यानें लोकांना सांगणेंच सोडून दिलें.

आम्ही राहात्याचे. शिर्डीच्या वाटेनें जाणाऱ्यायेणाऱ्यांना आमचें गांव आठवतें तें रस्त्याच्या कडेला मांडलेल्या पेरूंच्या ढिगांमुळें. पेरूचें फूल उमललें म्हणजे त्याच्या पांढऱ्या केसरांच्या झुबक्यावर सकाळपासून मधमाश्यांची झुंबड उडते. त्यांच्या ह्या वर्दळीनें फळ चांगलें धरतें, हें बागाईतदाराला कोणी शिकवावें लागत नाहीं. अशा बागेंत ज्याचें आजोळ, त्यालाच नेमकी ही माशी वैरीण व्हावी, ही दैवाची थट्टाच म्हणावयाची.

पहिल्यानें माशी डसली तेव्हां तो बारा वर्षांचा होता. थोडी सूज आली आणि उतरली. तीन वर्षांनीं पुन्हां एक डसली, आणि दहा मिनिटांत त्याच्या सर्वांगावर गांधी उठल्या, घसा आवळला, डोळ्यांपुढें अंधारी आली. डॉक्टर जवळ होते म्हणून मुलगा वांचला. पहिल्या डंखानें कांहीं झालें नाहीं आणि दुसऱ्यानें प्राणावर बेतलें, हें आमच्या ताईला अनेक दिवस उमगेना. शास्त्रज्ञांनाहि तें एके काळीं उमगलें नव्हतें. १९०२ सालीं शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए ह्या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं समुद्रांतील एका प्राण्याचें विष कुत्र्यांना अल्प प्रमाणांत टोंचलें. विषाची संवय व्हावी, अशी अपेक्षा होती. पण कांहीं आठवड्यांनीं पुन्हां थोडेसेंच विष देतांच एक कुत्रा थोड्याच मिनिटांत मेला. पहिल्या भेटींत शरीर विषाला सरावलें नव्हतें. त्यानें त्याच्याशीं वैर धरलें होतें. ह्या शोधासाठीं रिशे ह्यांना १९१३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. 'ॲलर्जी' हा शब्द १९०६ सालीं व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्केनें रूढ केला. तात्पर्य, मारणारें विष माशीचें खरें, पण एवढा गहजब करणारें आपलेंच शरीर.

हा मुलगा पुढें पुण्यास नोकरीला लागला आणि डोंगरांतून सायकल हांकण्याचा छंद त्याला जडला. सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळें लोंबत असतात, हें शाळकरी पोरहि जाणतें. आमच्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्याच्या डोंगरांत, एक शर्यत ठरली आणि त्यानें आपलें नांव दिलें. ताईनें दोन दिवस त्याच्याशीं अबोला धरला. तिसऱ्या दिवशीं ती मला म्हणाली, "दादा, तूं तरी त्याला सांग. माशी काय शर्यतीचे नियम पाळणार आहे?"

मीं त्याला विचारलें. तो शांतपणें म्हणाला, "मामा, माश्या तर आपल्या बागेंतहि आहेत. मग मी आजोळीं यावयाचेंहि सोडूं का?" ह्यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

त्याची तयारी मात्र मीं बारकाईनें पाहिली. डॉक्टरांनीं लिहून दिलेल्या मात्रेच्या अड्रेनलिनच्या दोन सुया त्यानें कमरेच्या पट्ट्यांत ठेविल्या होत्या. एकीनें पांच मिनिटांत गुण आला नाहीं तर दुसरी. हें द्रव्य शुद्ध स्वरूपांत जगापुढें आणलें तें जोकिची ताकामिने ह्या जपानी रसायनशास्त्रज्ञानें, १९०१ च्या सुमारास. तें मांडीच्या बाहेरच्या बाजूस, स्नायूंत टोंचावयाचें. खाज शमविणाऱ्या गोळ्यांनीं अंगावरच्या गांधी बसतात, परंतु आवळलेला घसा सुटत नाहीं आणि उतरलेला रक्तदाब चढत नाहीं. म्हणून गोळीची वाट पाहत बसावयाचें नाहीं. हें सर्व त्यानें बरोबरच्या चार स्वारांनाहि शिकविलें. ज्याला सांगण्याचा त्याला कंटाळा आला होता तेंच त्यानें पुन्हां एकदां, न लाजतां सांगितलें. माझ्या मतें त्या शर्यतींतला सर्वांत अवघड चढ तोच होता.

गंमत अशी कीं, हेंच अड्रेनलिन शर्यतीच्या काळांत टोंचून घेणें उत्तेजक म्हणून निषिद्ध आहे. प्राणावर बेतलें असतां तें घ्यावें आणि मागाहून रीतसर सूट मागावी, अशी सोय नियमांत आहे, हें सुदैव. पण सूट नेहमींच हातीं लागते असें नाहीं. २००१ सालच्या टूर द फ्रान्समध्यें जोनाथन व्हॉटर्स ह्या अमेरिकन सायकलपटूला डोळ्याजवळ गांधीलमाशी डसली. डोळा सुजून मिटला. सूज उतरविणारें कॉर्टिझोन घ्यावें तर नियम आड येत होता. शेवटीं त्यानें शर्यत सोडली. हजारों कोसांचा सराव एका माशीनें थांबविला.

शर्यतीच्या दिवशीं एका उतारापाशीं पाणी वांटण्याचें काम मीं मागून घेतलें होतें. पाऊस संपून गवत पिवळें पडूं लागलें होतें. भाचा माझ्यापुढून वेगानें गेला आणि शंभर पावलांवर त्यानें सायकल थांबविली. एक माशी शिरस्त्राणाच्या फटींतून आंत शिरली होती. त्यानें नखानें कांटा खरवडून काढला. मधमाशीच्या कांट्याबरोबर विषाची पिशवी मागें राहते आणि ती विष ओतीतच असते. मग त्यानें स्वतःच्या हातानें मांडींत सुई टोंचली आणि तो जमिनीवर आडवा झाला. मी धांवत पोहोंचेपर्यंत मागून येणारा एक स्वार खालीं उतरला होता. तो माझ्या भाच्याच्या चौघांपैकीं नव्हता. आमचा त्याचा परिचयहि नव्हता. त्यानें भाच्याचे पाय उचलून आपल्या सायकलीच्या चाकावर ठेविले, दुसरी सुई हातांत तयार धरली आणि घड्याळाकडे पाहत बसला. पांच मिनिटें! त्या पांच मिनिटांत किती सायकली आमच्या बाजूनें गेल्या, तें मीं मोजलें नाहीं. त्यानेंहि मोजलें नसावें.

दुसऱ्या सुईची गरज पडली नाहीं. उठून बसण्याचा हट्ट त्या स्वारानें मोडून काढला, आणि रुग्णवाहिका आल्यावर भाच्याला रुग्णालयांत कांहीं तास देखरेखीखालीं ठेवण्यांत आलें. कारण ओसरलेली बाधा पुन्हां उलटूं शकते. तो अनोळखी तरुण मात्र सायकलीवर बसून निघून गेला. त्याचा क्रमांक शेवटच्या दहांत लागला, असें मागाहून कळलें.

धैर्य म्हणजे भीति नसणें, असें आपण मुलांना शिकवितों. मला तें आतां पुरेसें वाटत नाहीं. माझ्या भाच्याला भीति होती. म्हणूनच त्याच्या पट्ट्यांत सुई होती. आणि ती लपविण्याची लाज त्यानें सोडली, म्हणून इतरांना त्याच्या उपयोगीं पडतां आलें. ज्या भीतीची चेष्टा होते ती मनुष्य एकट्यानेंच वागवितो, आणि एकट्यानें वागविलेली भीति वेळेला दगा देते.

बागेंतलें मोहोळ जाळून टाकावें, असें एका शेजाऱ्यानें सुचविलें. ताईच पुढें होऊन "नको" म्हणाली. माश्या गेल्या तर पेरू कोठून यावयाचे, एवढेंच तिचें कारण. भाच्यानें पुढच्या शर्यतीचा विषय काढला तेव्हां मात्र ती कांहीं बोलली नाहीं. अड्रेनलिन उन्हानें आणि उजेडानें बिघडतें, त्याचा रंग बदलतो, हें तिनें ध्यानांत ठेविलें आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दिनदर्शिकेचें पान उलटलें कीं ती कपाटांतून सुयांची डबी काढते, चष्मा लावून तिच्यावरची मुदत वाचते, आणि डबी पुन्हां अंधाऱ्या कप्प्यांत ठेवून देते.